जागेवरची सायकल : पहिल्या दिवशी बेतानेच!

भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की रस्त्यावर सायकल नकोशी होते. मग बंद खोलीत, गाण्याच्या तालावर जागेवरची सायकल चालवण्याचा वर्ग सोयीचा वाटतो. व्यायाम उत्तमच, पण पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीने तासभर जोर लावू नये. सवय नसलेले मांडीचे स्नायू तुटतात आणि त्यांतून रक्तात उतरणारे द्रव्य मूत्रपिंडाला इजा करू शकते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. उकाडा व कमी पाणी यांमुळे धोका वाढतो.

सीट कमरेच्या हाडाइतकी उंच ठेवावी. पहिल्या दिवशी हलक्या ताणावर पंधरा मिनिटे पुरेत. पुढील दोन-तीन दिवसांत मांड्या सुजून असह्य दुखल्या किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर मालिश करीत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.