खाडीसकट किनारा

दुर्गप्रेमींच्या बैठकीत किनाऱ्याच्या चालीचा विषय निघाला की अजूनही दोन-चार मिशा हसतात. कोकणकड्याशी झटून आलेल्यांना समुद्रकाठचं चालणं म्हणजे सेवानिवृत्तांची शतपावली वाटते. वाटो बापडी. ओहोटी चुकली, पुढे खाडीचं पाणी छातीला लागलं आणि मागची पुळणही बुडाली, की शतपावली कुठे संपते ते त्यांचं त्यांना कळेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. आनंदच आहे. पण तेव्हापासून जो तो यादी खिशात घालून फिरू लागलाय. गाडीने हर्णै, होडीने सुवर्णदुर्ग, फोटो, पुन्हा गाडीने थेट मालवण. मधल्या मुलखाचं नाव नाही. म्हणून माझं जुनंच तुणतुणं पुन्हा वाजवतो: कोकणचा किनारा चालायचा तर खाडीसकट चालायचा, आणि खाडी ओलांडायची ती तिच्या तोंडाशी, होडीतून.

यात भाबडेपणा नाही, कारण आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीशी पूर्णगड, वाघोटनशी विजयदुर्ग. हे किल्ले डोंगर सापडला म्हणून बांधलेले नाहीत. खाडीतून आत जाणारं प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यात यावं आणि जकात चुकवून जाऊ नये, यासाठी ते तिथे आहेत. होडी मधल्या धारेला आली आणि डोक्यावर तटबंदी दिसू लागली की हा हिशेब एका नजरेत उलगडतो. पूल बांधतात तो खाडी अरुंद होते तिथे, बरेचदा मुखापासून दूर आत. पुलावरून गेलेल्याला किल्ला दिसतो तो पाठमोरा.

आता पाण्याचं गणित. ते पाठ नसेल त्याने पुळणीवर पाऊल टाकू नये. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, आणि त्यापासून सहा तासांवर ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पण ते भांगाचं पाणी, फारसं मागे हटतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र लांबवर जातो खरा, पण ओहोटी पडते पहाटे पाच-साडेपाचला, आणि उजाडून चहा होईतो पाणी चढायला लागलेलं असतं. चालणाऱ्याची तिथी चतुर्थी-पंचमी. तीन-पावणेचारला भरती, म्हणून सकाळी नऊ-दहाला पुळण सर्वांत रुंद आणि वाळू घट्ट. शुद्ध असो की वद्य, दोन्ही चालतात. हे गणित मुंबईच्या आसपासचं. दक्षिणेला जावं तशी भरती थोडी लवकर येते आणि तिचा जोरही उतरत जातो. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात हे मला ठाऊक आहे. मोबाइलला रेंज नसते हेही ठाऊक आहे.

उत्तरेकडचा भाग उरकून टाकतो. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली हे सर्वांना पाठ आहे. अलिबागेत कुलाब्याला ओहोटीत चालत जावं आणि कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी घटकाभर बसावं. त्यापुढे मुरुडपर्यंत शनिवार-रविवारच्या गाड्यांमधून चालण्यात मला रस नाही. अपवाद रेवदंडा-कोर्लईचा. खाडीच्या अलीकडे पोर्तुगीजांचं ठाणं, पलीकडे टेकाडावर त्यांचाच किल्ला. ठाणी १७४० मध्ये मराठ्यांकडे आली, पण कोर्लईच्या वाडीत पोर्तुगीजातून घडलेली आणि मराठीत भिजलेली बोली आजही घरात बोलतात. किल्ला सगळे चढतात. वाडीत जाऊन ती बोली ऐकणारे थोडे. जंजिऱ्याबद्दल काही लिहीत नाही, तिथल्या रांगेत उभे राहणारे लिहितील.

माझा किनारा हरिहरेश्वरला सुरू होतो. प्रदक्षिणेची वाट लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाते, ती ओहोटीलाच करायची. बागमांडल्याला खाडी पार करून वेसवीला उतरलं की बाणकोटचा चढ. इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर हा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. गाव मात्र त्याला बाणकोटच म्हणत राहिलं. खाली वेळास, नाना फडणविसांचं गाव. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला घेतली. त्यापूर्वीचं वेळास मी पाहिलंय. तेव्हा पुळणीवर माझ्या पावलांखेरीज खुणा असायच्या त्या खेकड्यांच्या. आता पिल्लं सोडायच्या वेळी दोरीमागे गर्दी उभी असते. गावात त्यातून चार पैसे येतात, तेव्हा तक्रार करणार नाही. मी आपला मार्गशीर्षातच जाऊन येतो.

वेळासहून साखरी, मग भारजेची खाडी, आणि पलीकडे केळशी. किनाऱ्यावर याहून देखणं गाव असेल तर मला दाखवा. जांभ्याच्या पाखाड्या, दोन्ही बाजूंना गडगे, गडग्याआड नारळी-पोफळी, आणि पाटाचं पाणी पायांशी खळखळत असलेलं. पाखाडीत ऊन येतं ते चवली-पावलीएवढं. खाडीकाठी वाळूची जी टेकडी आहे तिच्यात खापरं आणि हाडं सापडली. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचा संबंध सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी जोडला. सगळ्यांना तो पटला नाही, पण टेकडीवर उभं राहिल्यावर नुसत्या वाऱ्याने हे घडलं असेल असं मला तरी वाटत नाही.

केळशीहून उटंबरचा डोंगर चढून आड्याला उतरायचं. सड्यावर आलात की एका बाजूला बाणकोटकडचा किनारा, दुसऱ्या बाजूला सुवर्णदुर्ग. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि कातळ तापायला लागलेला असतो, म्हणून हा चढ नऊच्या आत संपवायचा. आड्याच्या भार्गवरामापाशी विहिरीचं पाणी पिऊन पाडल्याची लांबलचक पुळण धरली की जेवणाच्या वेळेला आंजर्ले. मधे मुर्डी आहे, श्री. ना. पेंडशांचं जन्मगाव. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं या वाटांवर मला भेटली आहेत, निदान त्यांचे नातू तरी.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाणारी जुनी पाखाडी अजून आहे. गाड्या मागच्या बाजूने वर जातात, त्यामुळे पायऱ्यांवर पाचोळा साचतो. देवळाच्या आवारातून जोग नदीचं मुख दिसतं. पूल नव्हता तेव्हा तिथे होडी चालायची. अलीकडच्या तीरावरून हाळी घालायची, पलीकडून हात वर व्हायचा. होडीत सायकली, कोंबड्या, नव्या नवरीची ट्रंक आणि दाभोळला बदली झालेले मास्तर, सगळे एकत्र. एका भाद्रपदात होडीवाल्याने पाणी बघून मान हलवली आणि आम्हा तिघांना रात्रभर त्याच्या ओट्यावर झोपवलं. सकाळी त्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली. पैसे पुढे केले तर म्हणाली, "तरीचे तरवाल्याक द्या, भाकरीचे कसले?"

हर्णैला संध्याकाळी पोचावं. मासळी लिलावाला आलेली असते, बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांपर्यंत जातात आणि हिवाळा असेल तर कुरव पक्ष्यांचे थवे कोळणींच्या डोक्यावर घिरट्या घालत असतात. समोर सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे शाळेतल्या पुस्तकांत जरा घाईनेच सांगतात. किनाऱ्यावरून कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ल्याला लगटून चाललं की आरमाराला किती पहारे लागत ते पायांना कळतं. पुढे दुसरं मुरुड, म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव, मग कर्दे, लाडघर, कोळथरे असं करत दाभोळ. दाभोळवर पोर्तुगीजांनी डिसेंबर १५०८ मध्ये हल्ला करून गाव जाळलं. आजच्या पिढीला दाभोळ आठवतं ते वीजप्रकल्पामुळे, आणि तो आहे खाडीपलीकडे, अंजनवेलच्या अंगाला!

धोपाव्याला फेरीबोटीने उतरायचं. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीची बामणघळ, तवसाळ, जयगड, केशवसुतांचं मालगुंड. हा पल्ला सुंदर आहे, पण त्यावर इतकं लिहून झालंय की माझी भर नको. गणपतीपुळ्यात थांबू नये. रत्नागिरीला थिबा राजवाड्यापाशी थांबावं; ब्रह्मदेशाचा राजा १८८५ पासून इंग्रजांच्या कैदेत होता आणि १९१६ मध्ये इथेच वारला. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्यावरून आयुष्यभर गुरं हाकणाऱ्यांना ती ठाऊक होतीच.

विजयदुर्गावर मात्र भांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरने या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं वर्षानुवर्षं छापून येतंय. छापणाऱ्यांत चांगले शिकलेले लोक आहेत. त्या दिवशी ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, घरच्या दुर्बिणीतून. हे सांगितलं की मला कोकणद्वेष्टा ठरवतात. अरे, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह याच खाडीत शिरले, आंग्र्यांचं आरमार इथे जळलं, मराठ्यांच्या समुद्रावरच्या सत्तेची कंबर इथे मोडली. एवढं असताना या किल्ल्याला उसना हेलियम कशाला हवा?

पुढे कुणकेश्वर, आचरा, मालवण, निवती, डचांच्या वखारीची वेंगुर्ल्यातली पडीक भिंत आणि रेडी. सिंधुदुर्गाला गर्दीमुळे लांबूनच नमस्कार.

लाटांनी आणि वाऱ्याने केलेलं नुकसान गाव भरून काढतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून हर्णैपर्यंतच्या वाड्या झोपल्या, सुरूबनं मोडली; लोकांनी पुन्हा माड लावले. डांबराचं तसं नाही. रेवस-रेडी सागरी महामार्ग रुंद होतोय, मोठ्या खाड्यांवर पूल आखले गेलेत, आणि जिथे पूल झाला तिथली होडी उलटी पडून सडली. पाखाड्यांवर सिमेंट ओततात, गडगे पाडून चिऱ्याच्या भिंती आणि त्यावर लोखंडी फाटकं. पुळणीवर जीप फिरवणाऱ्यांविषयी बोललो तर हा अंक घरी ठेवता येणार नाही.

पुलांना माझा विरोध नाही. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचं तर पूलच हवा. पण तेरेखोलचा किल्ला पाहून खाली उतरा, फेरीबोटीने केरीला जा. गोव्याचं नदी परिवहन खातं ती चालवतं आणि पायी माणसाकडून पैसे घेत नाही. वेसवी, दाभोळ आणि तवसाळ या तीन ठिकाणी, उद्या पूल झाले तरी, सकाळ-संध्याकाळ एकेक साधी होडी चालू ठेवणं आपल्या सरकारला जड का जावं, हे मुंबईत अनेकांना विचारून पाहिलं. उत्तर प्रत्येक वेळी रस्त्याच्या रुंदीबद्दल मिळालं.