मिठावरचं शहर आणि पत्र्यावरचा लेप

डेट्रॉईट, मे महिना

डेट्रॉईट शहराच्या पोटात मीठ आहे. नैऋत्येकडच्या वस्त्या, कारखाने आणि रेल्वेचे रूळ यांच्याखाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण पसरली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खोदली गेली, मध्यंतरी काही वर्षं बंद राहिली, आणि आता तिच्यातून निघणारं मीठ मुख्यतः रस्त्यांवर पडतं. बर्फ वितळवण्यासाठी अमेरिकेत दर वर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ वापरलं जातं, असा सर्वसाधारण अंदाज आहे. मिशिगनमध्ये हिवाळाभर ते रस्त्यावर असतं, पायऱ्यांवर असतं, दुकानांच्या दारात असतं. आणि बुटांच्या तळव्यांना चिकटून ते गाडीत येतं.

मोटारींच्या या राजधानीत मोटारी कशा गंजतात, हे पाहिल्याशिवाय इथल्या माणसाचं गाडीशी असलेलं नातं कळत नाही. बाहेरचा गंज सगळ्यांना दिसतो. चाकावरची कमान खाल्ली जाते, दाराच्या खालच्या कडेला पोपडे येतात. आतला गंज दिसत नाही. पायाखालच्या कार्पेटच्या तळाशी ताग, कापडाच्या चिंध्या किंवा फोम यांचा जाड थर असतो. आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी तो घातलेला असतो. बुटांवरचा बर्फ वितळला की खारं पाणी या थरात उतरतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर टाकतात त्या कॅल्शियम क्लोराइडला तर ३० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. त्यामुळे एकदा खारावलेला थर उन्हाळ्यातही पुरता वाळत नाही. वरून हात फिरवावा तर कार्पेट कोरडं, आणि खाली पत्रा महिनोन्‌महिने ओल्या मिठाला टेकलेला.

म्हणून वसंत आला की इथल्या गॅरेजांमध्ये एक उद्योग सुरू होतो. आमच्या गल्लीतल्या एका इलेक्ट्रिशियनने यंदा आपल्या जुन्या पिकअपचं कार्पेट उपसून काढलं आणि उघड्या पत्र्यावर काळा, खरबरीत, रबरासारखा लेप लावला. हा लेप मुळात पिकअपच्या हौद्यासाठी बनलेला. विटा, लोखंड, फावडी टाकून हौद्याचा रंग उडतो, पत्रा उघडा पडतो; त्यावर उपाय म्हणून पॉलियुरेथेनचा जाड थर फवारण्याची पद्धत आली. कॅलिफोर्नियातली ऱ्हायनो लायनिंग्ज ही कंपनी १९८८ची, लाइन-एक्स १९९३ची. त्यांची दुकानं यंत्राने, मोठ्या दाबाखाली हा लेप फवारतात आणि त्याचे काही शे डॉलर घेतात. पुढे हर्क्युलायनरसारखे रोलरने लावायचे डबे आले. ब्रिटनच्या यू-पोल कंपनीचा रॅप्टर आला; त्यात तीन भाग लेप आणि एक भाग हार्डनर बाटलीतच हलवून मिसळायचा आणि साध्या फवारणी-बंदुकीने मारायचा. शंभर-दोनशे डॉलरांत सामान घरी येतं. हौद्यासाठी आणलेला लेप थोडा उरला, तो केबिनमध्ये लावून पाहिला, असं करत ही कल्पना पसरली असावी.

भारतीय वाचकाला प्रश्न पडेल, एवढी यातायात स्वतः कशाला? मेकॅनिककडे का टाकत नाहीत? इथे गॅरेजमधल्या मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या पुढे सहज जातो. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीची सगळी आसनं काढून तळ घासायचा तर मजुरीच गाडीच्या किमतीच्या जवळ पोहोचेल. दुसरीकडे, उपनगरातल्या बहुतेक घरांना स्वतःचं गॅरेज आहे. सुट्या भागांची दुकानं खास हत्यारं अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात, आणि हत्यार परत केलं की पैसे परत. सार्वजनिक ग्रंथालयात दुरुस्तीची पुस्तकं मिळतात. ॲन आर्बरचं ग्रंथालय तर हत्यारंही घरी नेऊ देतं. हातात पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्या डॉक्टरकडे किंवा प्राध्यापकाकडे इथे कुणी वळून पाहत नाही. मला या देशाची ही बाजू मनापासून आवडते. कामाला हलकं-भारी न मानणारी ही सवय इथे शाळेपासून लागते.

आता कामाबद्दल. लेप लावणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. आधी बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबायचं, कारण आजच्या आसनांमध्ये एअरबॅग असते आणि तिच्या पिवळ्या जोडण्या आसनाखालून गेलेल्या असतात. मग आसनं, सीट-बेल्टच्या पट्ट्यांचे बोल्ट, मधला कन्सोल, दारातल्या पट्ट्या. कार्पेट अखंड, तळाच्या आकाराचं साच्यातून काढलेलं असतं. ते भिजलेलं असलं तर दोन माणसं लागतात. त्याच्या खाली पत्र्याला डांबरासारखे जाड तुकडे चिकटलेले सापडतात, ते आवाज शोषण्यासाठी. ते खरवडून निघता निघत नाहीत. इथले लोक त्यांवर ड्राय आइस पसरतात. उणे ७८ अंशांच्या त्या थंडीने तुकडे काचेसारखे ठिसूळ होतात आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने उडतात. दारं मात्र उघडी हवीत. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो बंद केबिनमध्ये साचला तर माणूस गुदमरतो.

एवढं झालं की पत्रा खरं बोलू लागतो. कुठे नुसता लालसर पापुद्रा असतो, तो तारेच्या ब्रशने जातो. कुठे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. तिथे कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही. नेमकं इथेच लोक घाई करतात. गंजावरच लेप चढवला की तळ नव्यासारखा दिसतो, पण आत मीठ आणि ओल कोंडली जाते आणि पुढचं सगळं लेपाच्या आड चालू राहतं. कार्पेट निदान उचलून पाहता येतं. हा लेप उचलता येत नाही, तो ग्राइंडरने उतरवावा लागतो. शिवाय मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी नाही. तळ कुजलेला आहे हे सांगायला कुणी येणार नाही. ती गाडी विकत घेणाऱ्या पुढच्या माणसाला तर कळण्याचा मार्गच नाही, आणि आसनाचे नि पट्ट्यांचे बोल्ट त्याच पत्र्यात आवळलेले असतात.

म्हणून नीट काम करणारा माणूस मीठ गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतो, पत्रा कडकडीत वाळवतो, उरलेल्या गंजाच्या खुणांवर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण लावतो. जोडांच्या फटींत सीलर भरतो. जुना रंग पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवतो, कारण गुळगुळीत रंगाला लेप धरत नाही. पुढच्या हिवाळ्यात तो कातडीसारखा सोलून निघतो. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर. बोल्टांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवायचे, म्हणजे आटे भरत नाहीत. आसन आणि पट्टे जिथे टेकतात तेवढी जागा टेपने झाकायची. तिथे पत्र्यावर पत्राच बसला पाहिजे. मध्ये रबरी थर आला तर तो दबत जातो आणि आवळलेला बोल्ट सैल होतो. मग रोलरचे दोन हात, आणि लेप ओला असतानाच टेप ओढून काढायचा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो. हे लेप बहुधा पॉलियुरेथेनचे, आणि पॉलियुरेथेन घट्ट होतं ते आयसोसायनेट या रसायनांमुळे. कामाच्या जागी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत ती मोडतात. एकदा शरीर त्यांना बिथरलं की पुढे अगदी अल्प मात्राही दम्याचा झटका आणू शकते. त्यांचा वास धोक्याची सूचना देत नाही. वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. २००३ मध्ये इथेच, मिशिगनमध्ये, एका कामगाराने व्हॅनला असा लेप फवारला आणि दम्याच्या झटक्याने तो दगावला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. २००६ मध्ये अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने, नायॉशने, खास या लेपांबद्दल देशभर इशारा प्रसिद्ध केला: फवारणी बंदिस्त, हवा खेचून घेणाऱ्या जागेत करा, आणि फवारणाऱ्याला बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा द्या.

हा इशारा पोहोचला तो दुकानांपर्यंत. १९७०च्या कायद्याने कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तपासनीस येतो, दंड होतो. स्वतःच्या गॅरेजमध्ये, शनिवारी दुपारी, दार अर्धं ओढून फवारणारा माणूस कुणाचाच कामगार नसतो. तोच पदार्थ, तीच केबिन, आणि त्याच्या बाजूने उभा असतो फक्त डब्यावरचा बारीक मजकूर. घराच्या आत सरकारने डोकावू नये, हे तत्त्व इथे फार खोल रुजलं आहे आणि त्याचे फायदेही आहेत. पण या ठिकाणी ते मला पटत नाही. डबा विकणाऱ्या दुकानाने योग्य मुखवटा शेजारच्या फळीवर ठेवावा, आणि दम्याचा इशारा डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक छापावा, एवढी सक्ती केल्याने कुणाच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. रोलरने लावताना हवेत फारसे थेंब उडत नाहीत, म्हणून धोका बराच कमी. ज्याला हे करायचंच आहे त्याने रोलर वापरावा, गाडी अंगणात उघड्यावर घ्यावी, दारं काढता येत असतील तर काढावीत, हातमोजे घालावेत. घरात कुणाला दमा असेल तर हे काम घरी करूच नये.

दारं काढता येणारी गाडी म्हणजे अर्थात जीप. ओहायोतल्या टोलीडोत, इथून तासाभराच्या अंतरावर, १९४१पासून जीप बनते आहे. युद्धातल्या जीपला कार्पेट नव्हतंच. तळाला पाणी जाण्यासाठी भोकं होती. आजच्या रँग्लरलाही तळात रबरी बुचं असतात, आणि लेप लावलेले जीपवाले चिखलातून आले की बुच काढून तळ पाण्याने धुतात. या घराण्याची एक शाखा आपल्याकडची. महिंद्रांनी १९४७मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, आणि २०१८मध्ये त्याच वंशातली रॉक्सर भारतातून सुटे भाग आणून डेट्रॉईटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये जोडली जाऊ लागली. शेतात, रानात चालवण्याची गाडी; रस्त्यासाठी नव्हे. तिच्याही आत रंगवलेला पत्राच.

या भागात मोटार कंपन्यांत काम करणारी मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडून हाच प्रश्न येतो: आमच्या गाडीला करावं का? कामावरच्या पिकअपला, जुन्या जीपला जरूर करावं. कार्पेट गेलं की टायरचा आणि इंजिनाचा आवाज थेट कानात येतो, सायलेन्सरवरचा तळ उन्हाळ्यात पायाला चटके देतो. ज्या गाडीत मुलं झोपतात, आजी-आजोबा बसतात, तिला हे नको. लीजवरच्या गाडीला तर प्रश्नच नाही. तिथे हिवाळ्यासाठी काठ उंच असलेले, साच्यातले रबरी मॅट पुरतात. पण ते दर आठवड्याला उचलून खालचं कार्पेट चाचपावं लागतं, कारण मॅटखाली अडकलेली ओल उडून जाऊ शकत नाही. कोकणात पावसाळ्यात कार्पेटवर जाड लॅमिनेशन चिकटवून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. लॅमिनेशनचा एक कोपरा उचलून खाली हात घालावा. ओल लागली तर लॅमिनेशन आधी काढावं, मग गाडी उन्हात लावावी.