शहरात चालणारी गाडी महामार्गावर चालेलच असे नाही
टायर, ब्रेक, कूलंट आणि दिव्यांची दहा मिनिटांची तपासणी टाळू शकते मोठा धोका

छत्रपती संभाजीनगर : पुंडलिकनगर, गारखेडा, हनुमाननगर या दाट वस्तीच्या भागांत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या चारचाकीचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. घरासमोरच्या गल्लीत कव्हर घालून ती उभी असते. मुलांची शाळा, भाजीबाजार, नातेवाइकांकडे एखादी फेरी, फार तर शेंद्रा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीपर्यंतची ये-जा, एवढेच तिचे काम. गतिरोधक, खड्डे आणि गर्दी यांतून वाट काढताना वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. दिवाळीची सुटी, लग्नसराई किंवा शिर्डीचे दर्शन असले की हीच गाडी पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन हर्सूलमार्गे सावंगीला पोहोचते आणि समृद्धी महामार्गाला लागते. थोड्याच वेळात काटा १२० वर असतो.

गाडी तीच, टायर तेच, ब्रेक तेच. बदलतो तो वेग. गल्लीत महिनोन् महिने लक्षात न आलेला दोष नेमका तेथेच डोके वर काढतो. म्हणूनच 'गाडी रोज चालते आहे, म्हणजे ती ठीक आहे' हा समज महामार्गावर घातक ठरतो.

वेग तिप्पट, ऊर्जा नऊपट

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. सपाट भागात हलक्या वाहनांसाठी ताशी १२० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. शहरातील ४० च्या तुलनेत हा वेग तिप्पट आहे. मात्र धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती नऊपट होते. गाडी थांबवताना ही सगळी ऊर्जा ब्रेक आणि टायर यांनाच पचवावी लागते.

याचा अर्थ अंतराच्या भाषेत असा : कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरनिशी ताशी ४० च्या वेगातील गाडी ब्रेक लागल्यानंतर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. १२० च्या वेगात त्यासाठी सुमारे ८० मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. टायर गुळगुळीत असतील, रस्ता ओला असेल किंवा ब्रेक पॅड झिजलेले असतील, तर हे अंतर आणखी वाढते.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवणे चुकीचे

'उन्हाळ्यात टायर गरम होऊन फुटतो, म्हणून हवा थोडी कमी भरावी' असा सल्ला मराठवाड्यात सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात परिणाम उलटा होतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो आणि पुन्हा सरळ होतो. या सततच्या वाकण्याने रबर आणि आतील धाग्यांमध्ये उष्णता निर्माण होते. वेग जितका जास्त, तितकी ही क्रिया जलद आणि उष्णता अधिक. चाळिशी ओलांडलेले तापमान, तापलेला रस्ता आणि भरलेली गाडी यांची त्यात भर पडली की टायरचे थर सुटू लागतात आणि अखेर तो फुटतो. शहरातील दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ही उष्णता साठतच नाही. त्यामुळे कमी हवेचा दोष तेथे झाकलेला राहतो.

हवेचा योग्य दाब किती, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. पूर्ण भारासाठी अनेकदा त्यावर वेगळा आकडा दिलेला असतो. सहकुटुंब प्रवासाला निघताना तोच पाळावा. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब म्हणजे भरावयाचा दाब नव्हे. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक ते दोन पौंडांनी वाढतो आणि उत्पादकाने हे गृहीत धरलेले असते. प्रवासात थांबून गरम टायरमधील हवा सोडल्यास टायर थंड झाल्यावर दाब कमी पडतो. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पौंड हवा आपोआप कमी होते. त्यामुळे महिन्यातून किमान एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी हमखास तपासणी हवी.

टायरची झीज आणि वय

मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. ती मोजण्यासाठी उपकरणाची गरज नाही. टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आला की टायर बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे. त्या उथळ झाल्या की पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो. अशा वेळी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात.

झीज एकाच कडेला असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडल्याची शक्यता असते. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे वारंवार घडते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, आणि मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त ठेवली गेल्याचे लक्षण. टायरच्या कडेला फुगवटा किंवा चीर दिसल्यास तो टायर महामार्गावर नेऊच नये. पंक्चर काढून फुगवटा दुरुस्त होत नाही. आतील धागे तुटलेले असतात.

आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीच्या मालकांनी टायरचे वयही पाहावे. कडेवरील लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' याचा अर्थ २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते; मात्र ऊन आणि काळ यांमुळे रबर कडक होते व त्यास बारीक तडे जातात. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी बदलावा, असे अनेक उत्पादक सुचवतात.

या विषयाचे गांभीर्य ओळखून परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणी सुरू केली आणि झिजलेले टायर असलेल्या गाड्यांना प्रवेश नाकारला. तथापि प्रत्येक गाडी प्रत्येक वेळी तपासली जाणे शक्य नसते. पहिली तपासणी घरासमोरच व्हायला हवी.

स्टेपनीकडे तर सहसा लक्षच जात नाही. तिच्यातील हवाही तपासावी. अनेक गाड्यांत स्टेपनी लहान आकाराची असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती लावल्यानंतर १२० च्या वेगाने जाणे धोक्याचे आहे. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच असतो. तो कसा वापरायचा, हे निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

ब्रेक ऑइलही जुने होते

ब्रेक पॅड झिजल्याची सूचना बहुधा आवाजाने मिळते. ब्रेक लावताना किरकिर, घासल्याचा आवाज, स्टिअरिंगला थरथर किंवा गाडी एका बाजूला ओढली जाणे, यांपैकी काहीही जाणवल्यास गॅरेज गाठावे. पेडल मऊ लागणे किंवा नेहमीपेक्षा खोल जाणे हे त्याहून गंभीर लक्षण होय.

ब्रेक ऑइलबाबत मात्र अनेक वाहनधारक अनभिज्ञ असतात. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यानंतर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. चाळीसगावकडे जाताना लागणाऱ्या औट्रम घाटासारख्या उतारावर सतत ब्रेक दाबत राहिल्यास ब्रेक प्रचंड तापतात, जुने ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, ब्रेक ऑइल बदलावे. घाट उतरताना खालच्या गिअरचा आधार घ्यावा. ऑइलची पातळी किमान रेषेखाली गेली असल्यास वरून भर घालून भागत नाही; पॅड झिजले आहेत की कोठे गळती आहे, हे शोधावे लागते.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी नको

कूलंट कमी झाले की घरातील बोअरचे पाणी ओतण्याची सवय अनेकांना असते. हे पाणी क्षारयुक्त असते. भांड्यात साचतो तसा थर इंजिनच्या अरुंद नलिकांत साचतो आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते. शहरातील छोट्या फेऱ्यांत त्याचा पत्ता लागत नाही; दीड-दोन तास सलग वेगात धावल्यावर तापमानाचा काटा वर चढतो. गाडीला सांगितलेलेच कूलंट वापरावे आणि पातळी इंजिन थंड असताना पाहावी. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. त्याच वेळी पट्टी काढून इंजिन ऑइलची पातळीही पाहावी. गल्लीत दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीचे बॉनेट उघडून उंदरांनी वायर किंवा नळ्या कुरतडल्या नाहीत ना, याची खात्री करावी.

महामार्गावर गाडी बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ समृद्धीवर प्रवाशांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. या अपघाताचे मूळ गाडीतील बिघाडात नव्हते. परंतु वेगाने येणाऱ्या वाहनासाठी पुढचे संथ किंवा उभे वाहन किती घातक ठरते, हे त्यातून दिसले. गाडी बंद पडलीच तर ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, परावर्तक त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा आणि सर्वांनी उतरून कठड्यापलीकडे थांबावे. मागचा लाल दिवा आणि ब्रेक लाइट चालू असणे यासाठीच महत्त्वाचे. तो चालकाला स्वतःला दिसत नाही. भिंतीसमोर गाडी उभी करून किंवा घरातील एखाद्याला मागे उभे करून तो तपासावा. वायपरचे रबर उन्हाने दर वर्षी कडक होते. पावसाळ्यापूर्वी ते बदलणे स्वस्तात मिळणारी सुरक्षा आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार, धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे. दोष माहीत असेल तरच नव्हे, तर साधारण काळजी घेतली असती तर जो लक्षात आला असता अशा दोषासाठीही ही तरतूद लागू होते. अशा दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाल्यास किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'मला ठाऊक नव्हते' ही सबब गुळगुळीत टायरच्या बाबतीत टिकणारी नाही.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओ कार्यालयात वाहनाच्या तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवली जाते. म्हणजेच पहिली १५ वर्षे खासगी गाडीची यांत्रिक तपासणी करण्यास कोणी बोलावत नाही. पीयूसी प्रमाणपत्र बीएस-४ व त्यापुढील गाड्यांना वर्षातून एकदा घ्यावे लागते. मात्र त्यात केवळ धूर तपासला जातो, टायर किंवा ब्रेक नव्हे. ही पोकळी मालकानेच भरून काढायची असते.

चालकाचीही तपासणी हवी

सर्वच अपघातांचा दोष यंत्रावर टाकता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचे कारण आधी पुढे आले. मात्र परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात तसा पुरावा आढळला नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका मोठा असतो. दर दोन तासांनी विश्रांती घेणे, मध्यरात्रीनंतरचा प्रवास टाळणे आणि मागे बसलेल्यांनीही सीटबेल्ट लावणे हा देखभालीचाच भाग मानायला हवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी हे करा

- स्टेपनीसह पाचही टायरमधील हवा, खाचा, फुगवटे आणि उत्पादनाचे वर्ष पाहा.
- कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि काच धुण्याचे पाणी यांची पातळी तपासा.
- हेडलाइट, इंडिकेटर, मागचे दिवे आणि ब्रेक लाइट लावून पाहा.
- मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक दाबून आवाज आणि ओढ जाणवते का, ते बघा.
- गाडी सुरू केल्यानंतर ब्रेक, इंजिन किंवा एअरबॅगचा इशारा दिवा विझतो का, याची खात्री करा.
- जॅक, पान्हा, परावर्तक त्रिकोण, टॉर्च आणि प्रथमोपचार पेटी सोबत ठेवा.
- विमा व पीयूसीची मुदत पाहा. संकटकाळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात ठेवा.

यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही, मेकॅनिकही लागत नाही. दोष आढळल्यास तो आदल्या दिवशी दुरुस्त करता येतो. सावंगीचा टोलनाका ओलांडल्यानंतर ती संधी उरत नाही.