कारवी आणि नीलकुरिंजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीत कारवी फुलली की घाटात गाड्यांची रांग लागते. केरळात नीलकुरिंजी फुलली की मुन्नारला. दोघींचे फोटो मात्र एकमेकींच्या नावाने सर्रास फिरतात.

गैरसमज: झाड एकच, नावं दोन.
वस्तुस्थिती: दोघींचं कुळ अडुळसा-कोरांटीचं आणि प्रजातीही एकच, स्ट्रोबिलँथस. जाती मात्र वेगळ्या: कारवी ही कॅलोसा, नीलकुरिंजी ही कुंथियाना. कारवी मुख्यतः उत्तर सह्याद्रीच्या उतारांवर, झाडांच्या सावलीत पुरुषभर उंच रान माजवते. नीलकुरिंजी निलगिरी, अन्नमलई, पळणीच्या डोंगरांवर, साधारण १३०० मीटरच्या वर, शोला जंगलांलगतच्या उघड्या गवताळ उतारांवर वाढते. ती सहसा बुटकीच.

गैरसमज: बहराचं वर्ष सगळीकडे एकच.
वस्तुस्थिती: कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. नीलकुरिंजीचं चक्र बारा वर्षांचं. मुन्नारला बहर आला २००६ आणि २०१८ मध्ये. पण त्याच इडुक्की जिल्ह्यातल्या कल्लिप्पारा टेकड्या २०२२ साली निळ्या झाल्या. डोंगर बदलला की वर्षही बदलतं.

गैरसमज: बहरानंतर झुडपं वाळतात, म्हणजे रोग पडला.
वस्तुस्थिती: एकदाच फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं, हाच दोघींचा जीवनक्रम. कारवीची सुकी बोंडं काठीवरच राहतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या सरी पडल्या की तडतडत फुटून बी उडवतात. म्हणून फुलांची फांदी मोडणं म्हणजे त्या झुडपाची एकुलती एक संधी घालवणं. वाळलेल्या काठ्या मात्र वाया जात नाहीत. कुडाच्या भिंतीत त्याच विणून वर शेणमाती लिंपतात.

गैरसमज: डोंगरच्या डोंगर फुलतात, मग धोका कसला?
वस्तुस्थिती: आययूसीएनच्या लाल यादीत नीलकुरिंजी २०२४ पासून 'असुरक्षित' गटात आहे. चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटलची लागवड, वाढती बांधकामं यांनी तिचे गवताळ उतार गिळले. केरळने तिच्यासाठी २००६ मध्ये कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. कारवी सह्याद्रीत अजून मुबलक आहे, पण तिलाही डोंगरउतार शाबूत लागतो. बहराच्या वर्षी पहारा ठेवून भागत नाही. मुन्नारचा पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे; तो येईल की नाही, हे मधल्या बिनफुलांच्या वर्षांत त्या उतारांचं काय होतं यावर ठरेल.