काळजाची काळजी पाळण्यापासून

आमच्या निलंग्यात बाळ पाहायला आलेली बाई पाळण्यात डोकावते आणि पहिलं विचारते, ‘‘किती किलोचं झालं?’’ अडीच म्हटलं की तिचा चेहरा पडतो. साडेतीन म्हटलं की ती कानशिलावर बोटं मोडते. गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ, हे आपण मनाशी पक्कं धरलं आहे.

माझ्या नातीच्या पाळण्याभोवतीही हेच बोलणं चाललं होतं. त्याच्या दोनच महिने आधी लातूरला माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी तंबाखू, तेल, मीठ, चालणं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, ‘‘जन्मलात तेव्हा वजन किती होतं?’’ मला हसू आलं. घरी सुईणीच्या हातावर जन्मलेल्या पोराचं वजन कोण करणार? पण प्रश्न मनातून जाईना. साठीकडे झुकलेल्या माणसाच्या हृदयाचा पाळण्याशी काय संबंध?

तो आहे. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळांची वजनं वहीत लिहून ठेवत. डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या धुंडाळल्या. साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचं पुढे काय झालं, ते त्यांनी १९८९ साली मांडलं. जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे जास्त निघाले.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं दिसायला किडकिडीत असली, तरी त्यांच्यात कमी होते ते स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. असं शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतं, आणि मधुमेह हृदयाला पोखरतो.

मग बाळाला भराभर चारून गुटगुटीत करावं का? इथेच आपली चूक होते. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या सुमारे दीड हजार जणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात तरुणपणीच साखर वाढलेली दिसली, ते बहुधा दोन वर्षांपर्यंत हडकुळे होते आणि त्यानंतर अंगाने भरत गेले होते. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत पोषण कमी आणि नंतर अंगावर चरबी, हा उलटा हिशेब हृदयाला महागात पडतो.

आता दुधाचं. इंग्लंडमध्ये १९८२ ते १९८५ दरम्यान दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही बाळांना इतर मातांनी दान केलेलं दूध दिलं, काहींना डब्याचं. तेरा ते सोळाव्या वर्षी मोजलं, तर आईच्या दुधावरच्या मुलांचा सरासरी रक्तदाब सुमारे चार अंकांनी कमी निघाला. मात्र बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सुरू झालेल्या, सतरा हजार बाळांच्या प्रयोगात स्तनपानाला विशेष प्रोत्साहन देऊनही अकराव्या वर्षी रक्तदाबात किंवा लठ्ठपणात फरक दिसला नाही. तेव्हा आईचं दूध ही हृदयाची लस आहे, असं कुणी सांगू नये. ते जुलाबापासून, न्यूमोनियापासून बाळाला वाचवतं, एवढ्यानेच त्याची थोरवी सिद्ध आहे. आणि पोट भरलं की अंगावर पिणारं बाळ तोंड फिरवतं. बाटलीत उरलेलं दूध मात्र आपणच संपवायला लावतो.

करायचं ते साधं आहे. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध. पहिला पिवळसर चीक टाकायचा नाही. सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं अन्न द्यायचं. ते वरणावरचं पाणी नव्हे, तर मऊ खिचडी, घट्ट वरण, अंडं. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. आणि चहात बुडवलेलं बिस्किट? आपल्या घराघरांतला तो लाड कधीच नको.

आमच्याकडे बाळाच्या टाळूला मध किंवा खजूर लावायची रीत आहे, आणि तो मान माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा. ती मधाची वाटी घेऊन आली तेव्हा मी आडवा आलो. वर्षाच्या आत मधातून जंतूंची विषबाधा होऊ शकते, असं डॉक्टर सांगतात. आपा दुखावली. म्हणाली, ‘‘तुला मीच मध चाटवला होता.’’ मी म्हणालो, ‘‘आपा, लेकराला दोन वर्षं आईनं पाजावं, हे कुरआनातही आहे. तेवढं होईल असं बघ. तोच तुझा मान.’’

तिने ते मनावर घेतलं. सुनेला पाजायला बसवून दार लावून घेते, पाहुण्यांना बाहेर थांबवते, भाकरी स्वतः थापते. पण सोयाबीनच्या काढणीला रोजाने जाणारी बाई बाळाला कुठं घेऊन बसणार? पगारी नोकरदार स्त्रीला २०१७ च्या कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली; शेतातल्या बाईला एक दिवस बुडला तरी चूल अडते. तिला ‘पाज’ म्हणून उपदेश करण्याआधी बांधावर सावली आणि मधली सुट्टी द्यायला हवी. पुढच्या पिढीच्या काळजाची काळजी तिथूनच सुरू होते.