अल्पकालीन गट संगीतोपचार (किशोरवयीन)

अल्पकालीन गट संगीतोपचार ही मानसिक अडचणी असलेल्या किशोरवयीनांसाठी वापरली जाणारी पूरक उपचारपद्धती आहे. तीत प्रशिक्षित संगीतोपचारकाच्या मार्गदर्शनाखाली मुलामुलींचा छोटा गट ठरावीक आठवडे नियमितपणे एकत्र येतो. संगीतातील प्रावीण्य हे तिचे उद्दिष्ट नसते. भावना व्यक्त करणे, इतरांशी संवाद साधणे आणि आत्मविश्वास वाढवणे यांवर तिचा भर असतो.

पार्श्वभूमी

आधुनिक संगीतोपचाराला दुसऱ्या महायुद्धानंतर व्यावसायिक स्वरूप आले. अमेरिकेत १९५० साली संगीतोपचाराची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरावस्था मानते. भारताच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

कार्यपद्धती

सत्राची सुरुवात व शेवट सहसा एखाद्या परिचित गीताने किंवा तालाने होतो. मधल्या वेळेत उत्स्फूर्त वादन, एकत्रित गायन, आवडीच्या गाण्यांवर चर्चा किंवा गीतलेखन केले जाते. जे शब्दांत सांगणे अवघड वाटते, ते ठेक्याची गती, आवाजाची पातळी किंवा शांतता यांतून प्रकट होऊ शकते. गटात एकाने धरलेल्या ठेक्याला दुसरा प्रतिसाद देतो; ऐकणे, थांबणे व आपली पाळी घेणे यांचा सराव त्यातून होतो.

परिणामकारकता

क्रिस्टियन गोल्ड व सहकाऱ्यांनी २००४ साली ११ अभ्यासांतील १८८ मुले व किशोरवयीनांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात संगीतोपचाराचा मध्यम ते मोठा अनुकूल परिणाम दिसला. उत्तर आयर्लंडमधील २५१ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष (२०१७) मात्र संमिश्र होते. उपचार संपताना आत्मसन्मान वाढलेला व नैराश्याची लक्षणे कमी झालेली आढळली. पुढे हा फरक टिकला नाही. त्या चाचणीत वैयक्तिक सत्रे होती, त्यामुळे तिचे निष्कर्ष गटाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. अल्पकालीन उपचारानंतरच्या पाठपुराव्याचे महत्त्व मात्र त्यांतून स्पष्ट होते.

पुण्यातील संदर्भ

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईचा परिसर गणेशोत्सवातील सामूहिक वादनासाठी ओळखला जातो. येथील अखिल मंडई मंडळाचा शारदा गजानन प्रसिद्ध आहे. शहरातील ढोल-ताशा पथकांत अनेक तरुण मुलेमुली उत्सवाआधी काही आठवडे सराव करतात. एका ठेक्यावर एकत्र येणे, गटात स्वीकारले जाणे आणि शरीराला व्यायाम मिळणे हे या वादनाचे गट संगीतोपचाराशी असलेले साम्य आहे. तथापि पथकाचे लक्ष्य मिरवणुकीतील सादरीकरण असते. तेथे चुकीला फारसा वाव नसतो. उपचारगटात चुकणे, न वाजवणे किंवा नुसते ऐकणे हाही स्वीकारार्ह सहभाग असतो. म्हणून पथकातील सहभाग मानसिक स्वास्थ्याला पोषक ठरू शकला, तरी तो उपचाराचा पर्याय नाही.

मर्यादा व दक्षता

गट सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे मूल्यमापन, पालकांची व मुलाची संमती आणि गोपनीयतेचे नियम आवश्यक असतात. मोठ्या आवाजाने त्रास होणाऱ्या मुलांसाठी वाद्यांची निवड बदलावी लागते. आत्महत्येचे विचार, तीव्र नैराश्य किंवा भ्रम असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला तातडीने घेणे आवश्यक असते. केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.