जुन्या गाण्याचा रिमेक आला की लोक एवढे का चिडतात?

एप्रिल २०२०. देशभर लॉकडाऊन होता, लोक घरात अडकून पडले होते आणि यूट्यूबवर 'मसकली २.०' आलं. 'दिल्ली-६' या २००९ च्या चित्रपटात ए. आर. रहमान यांनी केलेल्या गाण्याचा हा रिमेक. बघता बघता ट्विटरवर मीम्सचा पाऊस पडला. जयपूर पोलिसांनी तर विनाकारण बाहेर फिरणाऱ्यांना खोलीत बसवून हेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकवू, अशी गमतीशीर तंबी दिली. खुद्द रहमान यांनीही 'मूळ गाणं ऐका' असं सुचवणारी पोस्ट टाकली. त्या गाण्यामागे २०० हून अधिक वादक आणि वर्षभराची मेहनत आहे, याची त्यात आठवण करून दिली होती.

आता एक साधा हिशोब करू. २००९ मध्ये जो मुलगा १० वर्षांचा होता, तो २०२० मध्ये २१ वर्षांचा झाला होता. म्हणजे चिडलेल्यांपैकी अनेकांसाठी ते शाळेच्या दिवसांतलं गाणं होतं. आपल्या गाण्याला कुणी हात लावला की राग येतो, तो नुसत्या चालीसाठी येत नाही. त्या चालीला चिकटलेल्या दिवसांसाठी येतो.

शब्दाचं आणि गाण्याचं जुनं नातं

नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बासेलमध्ये लिहिलेल्या प्रबंधातून आला. घरी परतणं आणि वेदना, या दोन ग्रीक शब्दांची त्याने जोडणी केली. तेव्हा हा चक्क आजार समजला जायचा. परदेशात नोकरी करणारे स्विस सैनिक घराच्या आठवणीने खंगतात, असं तेव्हाचे डॉक्टर मानत.

या सैनिकांची एक गोष्ट रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात नोंदवली आहे. डोंगरातले गुराखी गायींना हाक मारताना जी धून वाजवत, ती या सैनिकांसमोर वाजवायला बंदी होती म्हणे. कारण ती ऐकली की ते रडत आणि पळून जात. रूसोने पुढे जे म्हटलंय ते आजही लागू पडतं. त्याच्या मते जादू त्या धुनेत नव्हती, कारण परक्या माणसावर तिचा काहीच परिणाम होत नसे. जादू होती ती आठवणींची.

मेंदूत नेमकं काय होतं?

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पेत्र यानाटा यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ते ८ ते १८ वर्षांचे असताना गाजलेली गाणी ऐकवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. जी गाणी ओळखीची होती आणि ज्यांच्यासोबत आयुष्यातली एखादी आठवण जागी झाली, त्या गाण्यांना कपाळामागचा एक भाग जास्त प्रतिसाद देत होता. स्वतःबद्दलच्या विचारांशी याच भागाचा संबंध जोडला जातो. थोडक्यात, ओळखीचं गाणं ऐकताना आपण स्वतःलाही आठवत असतो.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की, आवडत्या गाण्यातली ती खास जागा येण्याआधीच मेंदूत डोपामिन स्रवायला लागतं. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच अर्धी मजा असते. रिमेक नेमका तिथेच घोळ करतो. चाल ओळखीची असल्यामुळे कान वाट बघू लागतो आणि तेवढ्यात रॅप सुरू होतो. संपूर्ण नवीन गाणं आवडलं नाही तर आपण ते फक्त बंद करतो. अर्धवट ओळखीचं गाणं मात्र फसवल्यासारखं वाटतं.

जो काळ पाहिलाच नाही, त्याचीही आठवण

बालपण म्हटलं की फक्त आपल्याच काळातली गाणी आठवतात असं नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांना जुनी-नवी गाणी ऐकवली. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी आवडली, पण आई-वडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं घट्ट नातं निघालं. घरात, गाडीत जे वाजतं ते पुढच्या पिढीत उतरतं.

मराठीतलं याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे 'नाच रे मोरा'. ते मुळात चित्रपटगीत आहे, हे आज अनेकांना माहीतच नसतं. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटासाठी गदिमांनी ते लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायलं. 'देवबाप्पा' कधीच न पाहिलेल्या तीन पिढ्यांचं बालपण या गाण्यावर गेलंय.

मग मोगलीचं गाणं का चाललं?

१९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर जपानी कार्टून मालिका हिंदीत लागायची, 'द जंगल बुक'. गुलजार यांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेलं तिचं शीर्षकगीत नव्वदच्या दशकातल्या मुलांना आजही तोंडपाठ आहे.

२०१६ मध्ये डिस्नेचा 'द जंगल बुक' भारतात येणार होता. या हॉलिवूडपटाचा त्या गाण्याशी काहीच संबंध नव्हता. तरीही डिस्नेने भारतातल्या प्रसिद्धीसाठी तेच गाणं भारद्वाज यांच्याकडून नव्याने करून घेतलं. मालिकेत शेरखानला आवाज देणारे नाना पाटेकर हिंदी चित्रपटातही शेरखान झाले. त्या वेळची मुलं तोवर तिशीत आली होती, काही जण आपल्या मुलांना घेऊन थिएटरात गेले. भारतात चित्रपट तुफान चालला.

'मसकली' आणि मोगली यांच्यातला फरक इथे दिसतो. दोन्हीकडे जुनं गाणं नव्याने केलं होतं. पण मोगलीच्या वेळी ज्यांनी गाणं घडवलं तेच सोबत होते आणि जुनी ओळख जपली होती. 'मसकली'च्या वेळी मूळ संगीतकारच दुसऱ्या बाजूला उभा होता.

प्रत्येक राग नॉस्टॅल्जियाचा नसतो

२०१८ मध्ये 'धडक'मधलं हिंदी 'झिंगाट' आलं तेव्हा मराठी प्रेक्षकांनी त्यावर तोंडसुख घेतलं. पण 'सैराट' येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि संगीतकारही तेच होते, अजय-अतुल. इथे बालपणाचा प्रश्नच नव्हता. गाण्यातली बोली गेली, गावची वरात गेली आणि 'आपलं' गाणं दुसऱ्याच्या घरात नेल्यासारखं लोकांना वाटलं. त्यामुळे टीका झाली की 'हे सगळे नॉस्टॅल्जियात अडकलेत' म्हणून ती उडवून लावणंही बरोबर नाही.

पण जुनं सगळंच सोनं होतं का?

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी मंत्री शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि चित्रपटगीतं त्यांना हलक्या दर्जाची वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळपास गायब झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, 'बिनाका गीतमाला' ऐकू लागले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली.

केसकरांना जी गाणी नकोशी होती, तो काळ 'आवारा' आणि 'बैजू बावरा'चा होता. आज त्यालाच सुवर्णकाळ म्हणतात. शिवाय तेव्हाची टुकार गाणी केव्हाच विसरली गेली, उरली ती निवडक. आपण आजच्या सगळ्या गाण्यांची तुलना त्या निवडक गाण्यांशी करतो. या तुलनेत नवा संगीतकार हरणारच.

या आठवणींचे पैसे कुणाला मिळतात?

सगळ्यात कळीचा मुद्दा हा आहे. जुन्या गाण्याचे हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतात. त्यामुळे नवी चाल लोकप्रिय करण्यापेक्षा आधीच लोकांच्या मनात असलेली चाल वापरणं सोपं पडतं. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, जो कंपनी करारात लिहून काढून घेऊ शकत नाही. पण गाण्याचा रिमेक करायचा की नाही, हे ठरवणं अनेकदा त्यांच्या हातात नसतं.

२०२२ मध्ये फाल्गुनी पाठक यांच्या १९९९ च्या पायलच्या गाण्यावरून 'ओ सजना' आलं, तेव्हा हेच दिसलं. हे चित्रपटगीत नव्हतं, तरी चाहते तितकेच भडकले. कोर्टात जायला आवडलं असतं, पण हक्क आपल्याकडे नाहीत, असं पाठक यांनी माध्यमांना सांगितलं.

यात गंमत अशी की, रागाने टाकलेली प्रत्येक कमेंट आणि शेअर केलेलं प्रत्येक मीम त्या रिमेकला आणखी पुढे ढकलतं. राग खरा असेल, तर रहमान यांनी सुचवलेला मार्ग जास्त कामाचा आहे: मूळ गाणं लावा, त्याचीच लिंक पुढे पाठवा आणि सोबत गीतकार-संगीतकाराचं नाव लिहा. आणि नव्या गाण्याला नावं ठेवण्याआधी ते घरातल्या एखाद्या १० वर्षांच्या मुलासोबत ऐकून बघा. त्याच्यासाठी कदाचित तेच मूळ गाणं ठरणार आहे.